नाही म्हणणाऱ्यांची वाट

कंपनीत त्यांना सगळे फाटेमास्तर म्हणत. हे नाव कौतुकाने पडलं की वैतागाने, ते विचारू नये. ती कंपनी व्हिडिओ गेम बनवायची आणि मास्तर त्यातल्या गोष्टी लिहायचे. म्हणजे खेळणारा स्वतःच एक पात्र होऊन गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, एखाद्याचं काम अंगावर घेतो आणि एखाद्याला वाटाण्याच्या अक्षता लावतो, तसले गेम. समोरचं पात्र काहीतरी बोलतं, पडद्यावर तीन-चार उत्तरं उभी राहतात, आपण त्यातलं एक निवडायचं. ती उत्तरं आणि प्रत्येक उत्तरापुढे काय घडतं ते, हे सगळं मास्तर लिहीत. गोष्टीला एक फाटा फुटला की त्यांना बरं वाटे. चार फुटले की डबा उघडायचा राहून जाई.

बाकीची मंडळी हे काम थेट कॉम्प्युटरवर करत. मास्तर आधी मोठ्या कागदावर करत. खेळणारा जे बोलू शकतो ते चौकोनात, समोरचं पात्र जे बोलतं ते गोलात, आणि मधे बाण. शेचाळिसाव्या वर्षी माणसाची खोड जात नाही, आणि ही खोड तर पार हाडात मुरलेली. घरमालकाशी भांडायला जायचं असो की मुलीच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटायचं असो, मास्तर आधी कागद घेऊन बसत. ते असं म्हणाले तर मी असं, तसं म्हणाले तर मी तसं. बायको म्हणायची, "हा माणूस मला मागणी घालायला आला तेव्हासुद्धा खिशात नकाशा घेऊन आला असणार." तो तसा आला होता. पण हे मास्तरांनी तिला कधी सांगितलं नाही.

आता अण्णांविषयी सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी त्यांच्यापाशीच येऊन अडते. अण्णा म्हणजे मास्तरांचे वडील. छत्तीस वर्षं त्यांनी एका अकरा मजली कचेरीत लिफ्ट चालवली. दार उघडायचं, "कितवा?" विचारायचं, माणूस म्हणेल त्या मजल्यावर सोडायचं. एकदा हातात फाईल घेतलेला एक माणूस नववा म्हणाला, घामाघूम झाला होता, आणि सहाव्याच्या पुढे गेल्यावर म्हणाला, "राहू द्या, खाली न्या." अण्णांनी त्याला खाली नेलं. मास्तरांनी लहानपणी विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही त्याला कारण नाही विचारलंत?" तर अण्णा म्हणाले, "कारण विचारायला त्याचा साहेब वर बसला होताच की. माझं काम मजला विचारायचं."

आई गेल्यावर अण्णा त्यांच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटेच राहत. गंमत अशी की त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. मास्तर दर रविवारी दुपारी जात. तिथे त्यांनी एक जुना कॉम्प्युटर ठेवून दिला होता, आणि त्यावर आपला अर्धाकच्चा गेम. गेममधलं काहीही न कळणारा माणूस त्यांना हवा होता, आणि अण्णांइतकं काहीही न कळणारा माणूस शोधूनही मिळाला नसता.

पहिल्याच रविवारी अण्णा खुर्चीत ताठ बसले. पडद्यावर समुद्रकाठचं एक गाव आलं, आणि दीपगृह सांभाळणारी एक म्हातारी येऊन म्हणाली, "वादळात दिव्याचं भिंग फुटलंय. पलीकडच्या बेटावरून नवं आणून देशील का?" खाली तीन उत्तरं होती: "हो, लगेच निघतो", "आधी सगळं नीट सांग" आणि "नाही". अण्णांनी तिन्ही वाचली, चष्मा पुसला आणि "नाही" दाबलं.

म्हातारी म्हणाली, "असं नको करू बाळा. आणून देशील का?"

अण्णांनी परत "नाही" दाबलं. तिने परत विचारलं.

"ही बहिरी आहे का रे धाकट्या?"

"नाही हो अण्णा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय गोष्ट सुरू कशी होणार?"

"अरे पण मला नाही जायचं त्या बेटावर. होडीत बसलो की मला मळमळतं. मी इथे गावात थांबतो आणि इथलं काही काम असेल ते करतो. तसं नाही का चालत?"

चालत नव्हतं. आजवर कुठल्याच गेममध्ये फारसं चालत नव्हतं. पण मास्तरांना रात्री झोप लागेना आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा कागद पसरला. पुढचे सात महिने ते नाही म्हणणाऱ्यांची वाट लिहीत होते. नाही म्हटलेला माणूस गावातच राहतो. त्याच्याऐवजी कोळ्याची मुलगी होडी घेऊन बेटावर जाते. ती परत येते की बुडते, हे तुम्ही त्या चार दिवसांत गावात काय केलं यावर ठरतं. जाळी विणली की नाही, किनाऱ्यावरची शेकोटी पेटती ठेवली की नाही, की नुसतेच लोळत पडलात. चाळीस प्रसंग झाले. मास्तरांनी आयुष्यात याहून चांगलं काही लिहिलं नव्हतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

या सात महिन्यांत अण्णा पक्के तपासनीस झाले. आधी खेळून पाहायचे, मग मास्तर त्यांना कागदांचा गठ्ठा देऊन जात, तो आठवडाभर तपासायचे. चौकोन म्हणजे मी, गोल म्हणजे ती माणसं, एवढं त्यांनी एका बैठकीत समजून घेतलं. ज्या बाणावरून जाऊन आले त्यावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण. कुठे अडलं तर शेजारी बारीक अक्षरात शेरा. तपासनीसांचा एक रिवाज मास्तरांनी त्यांना शिकवला होता. वावगं दिसलं तरी लगेच चूक म्हणायचं नाही, लिहिणाऱ्याला विचारायचं: चूक आहे की मुद्दाम? अण्णांना तो भारी आवडला होता. चहात साखर कमी पडली तरी ते विचारत, "चूक आहे का मुद्दाम?"

पहिल्या खेपेला अण्णांची शेकोटी विझली. ते गावातली शाळा बघायला गेले होते. कोळ्याची मुलगी परत आली नाही. पुढचा अख्खा आठवडा म्हातारा घरात सुतकी चेहऱ्याने वावरत होता. "मी जरासा बाजूला गेलो रे, जरासाच," असं त्यांनी मास्तरांना फोनवर तीनदा सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा नाही म्हणाले आणि चारही दिवस शेकोटीपासून हलले नाहीत. मुलगी परत आली तेव्हा त्यांनी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन नाक शिंकरलं.

आणि मग ती बैठक झाली.

कंपनीत आकडे सांगायला एक सडपातळ, सभ्य गृहस्थ होते. त्यांना सगळे आकडेशास्त्री म्हणत. त्यांनी भिंतीवर एक रंगीत तक्ता पाडला. दोन हजार लोकांना गेम खेळायला दिला होता. एक्क्याऐंशी जण नाही म्हणाले. त्यातले बासष्ट जण पहिल्या दिवसानंतर कंटाळून मागे गेले आणि हो म्हणून आले. उरले एकोणीस.

"एकोणीस माणसांसाठी चाळीस प्रसंग," आकडेशास्त्री हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड जात असावं.

बॉसबाई वयाने मास्तरांपेक्षा बारा वर्षांनी लहान होत्या. वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, शिव्या घालायला सोपं जातं. त्या म्हणाल्या, "मास्तर, मला खरंच वाईट वाटतंय. पण ही वाट काढून टाकावी लागेल. गोष्ट सरळ जाऊ दे. हो म्हटलं की बेट, बेटानंतर शहर, शहरानंतर राजवाडा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही हे उत्तर ठेवायचंच. लोकांना ते दिसायला हवं. म्हणू देत ना नाही, कोण अडवतंय? फक्त परत विचारायचं. दर वेळी वेगळ्या शब्दांत. चौथ्यांदा माणूस हो म्हणतोच. शास्त्रींकडे त्याचे आकडे आहेत."

"ती म्हातारी बहिरी वाटेल, बाई."

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. कुणीतरी म्हणालं, "तिघी बहिणी एका सासरी!" हा कंपनीतला जुना शब्दप्रयोग. उत्तरं तीन, पण तिन्ही एकाच घरात नांदायला जाणार, अशा प्रसंगाला तसं म्हणत. बॉसबाई म्हणाल्या, "अहो मास्तर, लोकांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारं दिसलेली आवडतात. आत कुणाला जायचं असतं?"

मास्तर तासभर भांडले.  राजीनामा देण्याची भाषा त्यांनी मनातल्या मनात दोनदा करून पाहिली, पण शेचाळिसाव्या वर्षी गोल आणि चौकोन काढता येणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतो? नाही म्हणणाऱ्यांची वाट त्यांनीच स्वतःच्या हाताने काढून टाकली आणि तिच्या जागी चार वेळा विचारणारी म्हातारी तीन दिवसांत लिहून दिली. सांगायला लाज वाटते, पण फर्मास लिहिली. पहिल्यांदा नाही म्हटलं की ती भीती घालते. दुसऱ्यांदा रडते. तिसऱ्यांदा, तुला या गावाने आसरा दिला, याची आठवण करून देते. चौथ्यांदा तर ती उत्तराची वाटच बघत नाही, तुम्ही हो म्हटलंच आहे असं धरून आभार मानते. एवढ्यावरही कुणी नाहीच म्हटलं तर आपली परत पहिल्यापासून सुरू. बॉसबाईंनी वाचलं आणि टाळ्या वाजवल्या. मास्तर त्या टाळ्यांनी सुखावले, हे त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

अण्णांना सांगायचं धैर्य काही झालं नाही. रविवारी त्यांनी नवा गेम कॉम्प्युटरवर चढवला आणि स्वयंपाकघरात चहा करायला गेले. बाहेरून बटणाचा आवाज येत राहिला. टक. थोडी शांतता. टक. चहा उकळून खाली आला तरी टक चालूच.

"धाकट्या, हे मोडलंय रे. मी तेवीस वेळा नाही म्हटलं."

"मोडलं नाही, अण्णा. आता असंच आहे."

"मुद्दाम?"

"हो. मुद्दाम."

अण्णांनी चष्मा काढला. "आणि कोळ्याची मुलगी?"

"काढली."

"म्हणजे मेली?"

"नाही, अण्णा. मेली नाही. आता ती नाहीच मुळी."

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे म्हातारी हात जोडून उभी होती. "मेली असती तरी चाललं असतं," ते म्हणाले. "निदान होती तरी. मग ते नाही कशाला ठेवलंय तिथे? काढून टाका की. माणूस दाबणार तरी नाही."

 मास्तरांनी चहा समोर ठेवला. त्या दिवशी अण्णांनी साखरेबद्दल काही विचारलं नाही.

त्याच महिन्यात अण्णा जिन्यात पडले. दुधाची पिशवी घेऊन वर येत होते, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय घसरला आणि अर्धा तास तिथेच बसून राहिले. शेजारची बाई कामावरून आली तेव्हा तिने उठवलं. वर्षातली ही दुसरी वेळ. घोटा सुजला, हाड वाचलं. ताईचा, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा, लगेच फोन आला. ती आठ तासांवरच्या शहरात राहायची.

"आता पुरे झालं," ताई म्हणाली. "माझ्याकडे तळमजल्याला मागची खोली आहे, बाहेर बाग आहे. मी दिवसभर घरात असते. तुझ्याकडे कोण असतं?"

"कुणी नसतं. आणि मी पाचव्या मजल्यावर."

"पण अण्णा येणार नाहीत. त्यांचा नन्नाचा पाढा तुला माहीत आहे."

"म्हणू देत ना नाही," मास्तर म्हणाले, "कोण अडवतंय? परत विचारू."

हे वाक्य आपण कुठे ऐकलं ते त्यांना बोलता बोलताच आठवलं.  तरी ते पुढे बोलत राहिले, कारण भीतीही खरीच होती. बाप जिन्यात अर्धा तास बसून राहतो, आणि आपण त्या वेळी बैठकीत म्हातारीचे हुंदके किती सेकंदांचे असावेत यावर चर्चा करत असतो, ही काही सुखाने झोप लागण्यासारखी गोष्ट नव्हे. त्यातून गेम बाजारात आणायची तारीख डोक्यावर आलेली. अण्णांची सोय लागली की एक काळजी मिटली, असंही मनात होतं. ते नव्हतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

मास्तरांनी कागद घेतला. वर शीर्षक लिहिलं: म्हातारा. पहिला गोल: आता एकटं राहणं बरं नाही, ताईकडे चला. पहिला चौकोन: नाही. बाण. गोल: परत पडलात आणि कुणी आलंच नाही तर? चौकोन: नाही. बाण. गोल: ताई रोज रडते. चौकोन: नाही. बाण. गोल: आम्ही तुमच्यासाठी एवढं करतो, तुम्ही आमच्यासाठी एवढंही नाही करणार? चौकोन: नाही. बाण. शेवटचा गोल: शनिवारची गाडी ठरवली आहे, ताईने खोली झाडून ठेवली आहे. तिथून एक बाण "हो"कडे, आणि एक पुन्हा वर, पहिल्या गोलाकडे. तीन दिवसांत शिकलेली विद्या महिन्याच्या आत घरात वापरायला काढली. वाण नाही पण गुण लागला, म्हणतात ना, तसं.

एक गोष्ट मात्र त्या कागदावर नव्हती. अण्णांच्याच इमारतीत तळमजल्यावरची एक खोली रिकामी होणार होती. पडल्यानंतर अण्णा स्वतःच म्हणाले होते, "ती मिळाली तर जिन्याचा प्रश्नच मिटतो. दिवसातून एकदा कुणी डोकावून गेलं की झालं." पण मग रोज डोकावणार कोण, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मास्तरांनाच द्यावं लागलं असतं. तो चौकोन त्यांनी काढलाच नाही.

पुढे जे झालं ते असल्या धंद्यातल्या माणसाच्या हातूनच होऊ शकतं. मास्तरांनी राजवाड्याच्या प्रसंगांचे कागद गठ्ठा बांधून अण्णांकडे तपासायला पाठवले. घोटा सुजलेला, म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा. टेबलावर सारखेच मोठे कागद, सगळ्यांवर सारखेच गोल, सारखेच चौकोन, सारखंच अक्षर. "म्हातारा" असं शीर्षक असलेला कागद राजवाड्याच्या गठ्ठ्यात निघून गेला. राजवाड्यातही एक म्हातारा होता.

रविवारी मास्तर जिना चढले तेव्हा सगळं तोंडपाठ होतं. पहिला गोल जिभेवर तयार होता. अण्णा खिडकीपाशी पाय स्टुलावर ठेवून बसले होते. गठ्ठा मांडीवर नीट बांधून ठेवलेला.

"राजवाडा बरा आहे," अण्णा म्हणाले. "पहारेकरी एकाच गोष्टीवर दोनदा चिडतो, तेवढं बघ. आणि हा एक कागद वेगळा होता."

मास्तरांनी तो हातात घेतला आणि ते पलंगावर बसले. प्रत्येक बाणावर लाल पेन्सिलीची बरोबरची खूण होती. एकही बाण सुटला नव्हता. बाजूला ते बारीक, लिफ्टच्या नोंदवहीत छत्तीस वर्षं वळवलेलं अक्षर होतं: "सर्व बाणांवरून जाऊन पाहिले. चार वेळा नाही म्हटले. प्रत्येक वाट 'हो'कडे जाते किंवा परत वर येते. नाही म्हणणाऱ्यास बाहेर पडायला जागा नाही." त्याखाली अण्णांनी पेन्सिलीने स्वतः एक चौकोन काढला होता. आत लिहिलं होतं: "तळमजल्याची खोली." त्या चौकोनाला कुठूनही बाण येत नव्हता. शेजारी शेरा होता: "हा राहिला आहे."

"अण्णा, हे चुकून आलं."

"ते कळलं मला. कागद चुकून आला." अण्णांचा आवाज नेहमीसारखाच होता, साखरेबद्दल विचारताना असतो तसा. "मी त्या चौकोनाचं विचारतोय. तो राहिला, ती चूक आहे का मुद्दाम?"

एक शब्द पुरला असता. चूक. एवढं म्हणायला हवं होतं आणि पेन्सिल घेऊन एक बाण काढायला हवा होता. शपथेवर सांगतो, मास्तरांच्या ओठांवर तो आलाही होता. पण मग रोज संध्याकाळी इथे यायला लागणार, ताईला नाही म्हणायला लागणार, शनिवारची गाडी रद्द करायला लागणार, आणि तारीख तर तोंडावर. हे सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. शिवाय एवढी वर्षं तपासनिसाला खरं उत्तर द्यायची सवय.

"मुद्दाम," मास्तर म्हणाले.

"बरं," अण्णा म्हणाले. "मग हो. ते मधलं सगळं बोलू नकोस आता, ताई रडते वगैरे. मी वाचलंय ते."

शनिवारच्या गाडीने अण्णा गेले. बॅग एकच होती. कॉम्प्युटर घ्यायचा का, असं मास्तरांनी विचारलं, तर म्हणाले, "तुला बरं वाटतं का? मग घे." मास्तरांनी तो तिथेच ठेवला.

गेम बाजारात आला आणि चांगला चालला. कुठल्याशा मासिकाने लिहिलं की खेळणाऱ्याला एवढं निवडीचं स्वातंत्र्य फार थोड्या गेममध्ये मिळतं. बॉसबाईंनी ते पान फ्रेम करून दाराजवळ लावलं. आकडेशास्त्रींनी सांगितलं की आता शंभरातले शंभर जण बेटावर पोचतात. मास्तरांचा पगार वाढला, टेबल खिडकीजवळ आलं. ते नवी गोष्ट लिहायला लागले, कॉम्प्युटरवर. मोठे कागद त्यांनी बंद केले. फाटेमास्तर हे नाव राहिलं, पण आता ते विनोद म्हणून.

चार महिन्यांनी ते ताईकडे गेले. ताई दारातच खूश. "अरे, मी उगाच घाबरत होते. अण्णा किती समजूतदार झालेत माहितीये? पूर्वीचा तो हट्ट नाही, काही नाही. जेवायचं? हो. फिरायला जायचं? हो. परवा मी खिडकी लावू का म्हटलं तर हो म्हणाले, मग उघडी ठेवू का म्हटलं तरी हो!" ती हसत सुटली. "लहान बाळ झालंय अगदी."

मास्तरांना हसू आलं नाही.  आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याचा मजला स्वतः ठरवला नाही, त्याला आता स्वतःचा मजला विचारला तरी सांगता येईना. आणि ही करामत कुणाची, ते मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती.

अण्णा मागच्या बागेत खुर्चीत होते. बारीक झाले होते. अंगात ताईच्या नवऱ्याचा स्वेटर होता, खांद्यांवर ढगळ. मास्तर त्यांच्यासमोर पायरीवर बसले. या वेळी त्यांनी कुठलाही नकाशा काढला नव्हता. काय बोलायचं ते गाडीतही ठरवलं नव्हतं. 

"अण्णा, माझं चुकलं. तो चौकोन मी मुद्दाम गाळला, तीच चूक होती. तळमजल्याची खोली अजून रिकामी आहे. मी विचारून आलोय. मी रोज येईन, कामावरून सुटलो की थेट. तुम्हाला परत जायचं असेल तर आज जाऊ. इथे बरं वाटत असेल तर इथेच राहा, मी एक शब्द बोलणार नाही. खरंच विचारतोय, अण्णा. तुम्हाला काय हवंय?"

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. पडद्यावरची उत्तरं वाचताना बघायचे तसं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कपाळ, डोळे, तोंड. कोणतं उत्तर निवडलं की हा पुढे जाईल, ते शोधत असल्यासारखे.

"कितव्यांदा विचारतोयस?"

"पहिल्यांदाच, अण्णा."

"म्हणजे अजून तीनदा विचारशील." त्यांनी समजुतीने मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. असता तर मास्तरांनी पाय धरले असते. "कशाला तेवढा त्रास घेतोस? मी आत्ताच सांगतो. हो."

"पण कशाला हो, अण्णा? परत जायला, की इथे राहायला?"

"ते तू ठरवून आलाच असशील."

मास्तरांनी पुन्हा विचारायला तोंड उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आता विचारलं तर ती दुसरी वेळ होईल, आणि त्यांनी तोंड मिटलं.  आतून ताईने हाक मारली, चहा टाकू का म्हणून.

"हो," अण्णा म्हणाले.